आजोळ निघालंय टोंगाला

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली, सगळं इथेच ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे त्यांचा उपयोग नाही, आणि खिशात जागा लागणार आहे. संध्याकाळपर्यंत त्यात जर्दाळूच्या बिया, खडेमीठ आणि कुणा मावशीनं दिलेली चिकट टॉफी जमा होईल. चहा मात्र पिऊन घ्या. हवा तर दोनदा घ्या. पुढचे काही दिवस चहा मिळणार नाही, कॉफीही नाही. त्या घरात दोन्ही वर्ज्य आहेत. मागितलात तर कुणी रागावणार नाही, पण स्वयंपाकघरातल्या सगळ्या जणी एकदम वळून बघतील आणि तुम्ही बाहेरचे आहात हे पहिल्या तासातच उघडं पडेल.

आणि हो, तुम्ही आता बारा वर्षांचे आहात. गुडघ्यावर खपली आहे, ती काढू नका.

डोळे उघडा. एका लांबलचक स्टेशन वॅगनच्या मागच्या भागात, झोपायच्या पिशव्यांच्या ढिगावर तुम्ही आडवे पडलेले आहात. पोटावर भावंडांचे पाय आहेत. सीट बेल्ट कुणीच लावलेला नाही. खिडक्या सताड उघड्या, वाऱ्यानं कान बधिर झालेले. आयडाहोपासून हे असंच चाललंय. डावीकडे टिंपानोगोस पर्वत सरळसोट उभा आहे, आणि जुलै सरत आला तरी त्याच्या वरच्या घळींत बर्फाचे पांढरे पट्टे टिकून आहेत. उजवीकडे युटा लेकचं पाणी चमकतंय, अलीकडे जिनिव्हा पोलाद कारखान्याच्या चिमण्या. वारा फिरला की कोळसा आणि गंधकाचा वास थेट घशात उतरतो. नाक मुरडू नका. इथल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटते, तुमच्या मोठ्या मामाचीही.

गावाचं नाव ओरेम, राज्य युटा, साल १९७९. गाडी थांबते, मागचं दार वर उचललं जातं आणि ऊन अंगावर येतं. मुंबईचं ऊन विसरा. इथला घाम दिसायच्या आत उडून जातो, ओठ फुटतात, नाकाच्या आतली कातडी ताणल्यागत होते. महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्तच उंची आहे, पण धुक्याचा मागमूस नाही. पायाखाली काहीतरी पिचकतं. जर्दाळू. झाडाखाली पडून पडून त्यांचा नारिंगी चिखल झालाय, गोड आंबूस वास सुटलाय, गांधीलमाश्या घोंघावताहेत.

"कुणाचं लेकरू तू?"

हा प्रश्न आता दर पाच मिनिटांनी येणार. विचारणारी बाई उंच, एप्रनला पीठ लागलेलं. ती थोरली मावशी. उत्तर पाठ करून ठेवा: धाकटीचं. एवढं म्हणालात की हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला जाईल, कान पाहिले जातील, कपाळ पाहिलं जाईल, आणि निकाल लागेल की नाक आजोबांचं आहे. झालं. तुम्ही घरचे झालात. आठ मुलं, त्यांचे जोडीदार आणि चाळिसांच्या पुढे नातवंडं अशा गर्दीत एक पोर जास्त आलं तर कोण मोजतंय?

हे आजोळ सगळं एकत्र जमलंय त्याचं कारण स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेलं आहे. एक पत्र. सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्य कचेरीतून आलेलं, खाली अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांची सही. लॅटर-डे सेंट्स, ज्यांना जग मॉर्मन म्हणतं, त्यांच्यात मिशनला, म्हणजे धर्मकार्याला, जायचं ठिकाण आपण निवडायचं नसतं. ते पत्रातून कळतं. एकोणीस वर्षांची पोरं अशी पत्रं फोडताना अख्खा मोहल्ला गोळा होतो. हे पत्र मात्र सहासष्ट वर्षांच्या आजोबांच्या आणि त्यांच्याहून थोड्या लहान आजीच्या नावाचं आहे. ठिकाण: टोंगा. दक्षिण प्रशांत महासागरातलं बेटांचं राज्य. मुदत दीड वर्ष. खर्च स्वतःचा.

भिंतीवर जगाचा नकाशा टाचलाय आणि पोरांनी त्यावर टोंगा शोधून शोधून निळ्या समुद्राला बोटांचा डाग पाडलाय. आयडाहोतल्या मामेभावाला नवा शोध लागलाय: तारखेची रेषा मध्ये येते, म्हणून इथे शनिवार असतो तेव्हा आजीकडे रविवार उजाडलेला असेल. "आजी उद्यामध्ये राहणार!" असं ओरडत तो घरभर फिरतोय. आजी पिठाचे हात झटकत म्हणते, "मग परीक्षेत काय येणार ते विचारू नकोस मला."

आता जरा आजीकडे नीट बघा. बुटकी, गोल चष्मा, दंडावर टायफॉइडच्या सुईची सूज. तो हात ती जपून हलवतेय, पण हलवतेय सतत. तिच्या समोर पिठाचा गोळा आहे. त्याचे तुकडे ती ताणते, गरम तेलात सोडते. ते टम्म फुगतात आणि लगेच मधात घोटलेल्या लोण्यासकट पोरांच्या हातात जातात. बोटं भाजतील. थांबू नका, इथे थांबणाऱ्याला मिळत नाही. ओठांवरून मध ओघळतो, कोपरापर्यंत जातो, आणि मागून कुणीतरी ओरडतं की हात न धुता भिंतींना लावायचे नाहीत. ओट्यावर झाकलेल्या भांड्यांची रांग आहे: बटाटे आणि चीजचं भाजलेलं मिश्रण, वरून कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर, हिरवीगार जेली, आत किसलेलं गाजर आणि अननस. हो, जेलीत गाजर. खाऊन बघा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर मालकिणीचं नाव, कारण जेवणानंतर भांड्यांची जी सरमिसळ होते तिच्यावरून बहिणीबहिणींत अबोला धरल्याचे दाखले आहेत.

तहान लागली? अंगणात मामांनी मोठ्या पिंपात रूट बिअर केलीय. बिअर नाव असलं तरी नशा नाही. पाणी, साखर, छोट्या बाटलीतला अर्क आणि सुक्या बर्फाचा खडा. तो खडा पाण्यात पडला की पिंप खदखदू लागतं, पांढरी वाफ कडांवरून ओघळून गवतावर पसरते आणि लहान पोरं तिच्यात पाय बुडवून नाचतात. पेला तोंडाला लावा. पहिल्या घोटाला तुम्हाला आयोडेक्स चोळलेला गुडघा आठवेल. दुसऱ्या घोटाला तसं वाटणार नाही. तिसरा पेला तुम्ही स्वतःहून मागाल.

सावलीत, खुर्चीत, मांडीवर वाटाण्यांची परडी घेऊन पणजी बसली आहे. आजीची आई. नव्वदी ओलांडलेली. शेंगा सोलताना ती हाताकडे बघतही नाही. सगळे तिच्याशी मोठ्यानं बोलतात. ती हळू उत्तर देते. तिच्याजवळ बसा, ती विचारणार नाही तुम्ही कुणाचे. ती तुमच्या ओंजळीत शेंगा टाकेल आणि कामाला लावेल. तिला माहीत आहे की दीड वर्ष हा तिच्या वयाला फार मोठा काळ आहे. आजीलाही माहीत आहे. हे पत्र आलं त्या रात्री या दोघींत काय बोलणं झालं ते घरात कुणालाच कळलेलं नाही. सकाळी पणजीनं एवढंच जाहीर केलं की तिचे केस आता दर शनिवारी थोरली मावशी धुईल. मला विचाराल तर या सगळ्या घरात सर्वांत मोठी वस्तू कुणी दिली असेल तर ती पणजीनं, वाटाणे सोलता सोलता.

या लोकांना अशी ताटातूट नवी नाही. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत सभा भरली आणि शंभराच्या आसपास पुरुषांची नावं पुकारली गेली: तू इंग्लंडला, तू दक्षिण आफ्रिकेला, तू हिंदुस्तानला. कित्येकांना आधी कल्पनाही नव्हती. सभेतून उठून घरी जायचं आणि बायकोला सांगायचं. आपल्या मुलखाशीही यांचा जुना धागा आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करी वस्तीत त्यानं छोटीशी मंडळी जमवली. तेव्हाचा निरोप म्हणजे वर्षानुवर्षं पत्राची वाट पाहणं. पण ते जाणारे तरुण होते. मागे बायका-मुलं आणि म्हातारे राहायचे.

इथे उलटं आहे, आणि तुम्ही बारा वर्षांचे असलात तरी तुमच्या पोटात ते कुठेतरी टोचतंय. आपल्याकडे याच सुमारास सांताक्रूझ विमानतळावर काय चित्र असतं? इंजिनिअर मुलगा अमेरिकेला निघालेला, गळ्यात हार, आणि कठड्याशी आजी-आजोबा रुमाल हलवत उभे. आजी-आजोबा म्हणजे जे जागचे हलत नाहीत, ज्यांच्याकडे परत यायचं असतं. ओरेमच्या या घरात मात्र घराचा खांबच बॅग भरतोय. नातवंडं दारात उभी राहणार आहेत.

बॅग भरण्याचा सोहळा पाहायला वर चला. पलंगावर दोन सुटकेसेस उघड्या. नियम ४४ पौंडांचा, म्हणजे २० किलोंचा. धाकटी मामी बॅग उचलून वजनकाट्यावर उभी राहते, मग बॅगेशिवाय उभी राहते, आणि वजाबाकी सगळ्यांसमोर मोठ्यानं होते. मामीला दिवस गेलेत, सहावा महिना चालू आहे, त्यामुळे तिचा आकडा ऐकून खोलीभर शिट्ट्या पडतात आणि ती उशी फेकून मारते. आजोबांचे अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट, आजीनं घरी शिवलेले पॉलिस्टरचे झगे (टोंगाच्या दमट हवेत ते कसे वाटतील याची मला काळजीच आहे), सुया-दोरे, औषधं, आणि मुलांना गोष्टी सांगायला फ्लॅनेलचा फळा व त्यावर चिकटवायची कापडी माणसं. पीनट बटरचा मोठा डबा आजी तीनदा आत ठेवते, तिन्ही वेळा मावशी काढते. चौथ्यांदा तुम्ही तो आजीला हळूच आणून द्या. ती तुम्हाला विसरणार नाही.

दुपारचं आइस्क्रीम चुकवू नका. लाकडी बादली, मध्ये पत्र्याची कोठी, बाजूला हँडल. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं आणत तोच पॉट. कोठीत साय, साखर आणि कुस्करलेले जर्दाळू. भोवती बर्फ आणि खडेमिठाचे थर. मीठ बर्फाला वितळायला लावतं, आणि वितळणारा बर्फ आतल्या दुधातली उष्णता ओढून घेतो. तुम्हाला हे शाळेत शिकवलंय, पण इथे ते दंडाला कळतं. सुरुवातीला हँडल पोरं फिरवतात. घट्ट व्हायला लागलं की थोरले मामेभाऊ, आणि शेवटी मामा, मानेच्या शिरा ताणून. पॉट नाचायला लागतो, म्हणून त्यावर घडी घातलेला टॉवेल टाकून एका पोराला बसवतात. तो मान तुमचा. बसा. पार्श्वभाग बर्फानं बधिर होतोय, डोक्यावर ऊन भाजतंय, खारं पाणी बुटांत ठिबकतंय, आणि कॅलिफोर्नियाहून आलेले मामा पेट्रोलच्या रांगांविषयी बोलताहेत. ते सोडून द्या. स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचं मात्र ऐका. काही दिवसांपूर्वीच ते कोसळलंय, आणि पोरं थाळ्या हवेत भिरकावून "पडलं, पडलं!" असं ओरडत जमिनीवर लोळताहेत. तिकडे महाराष्ट्रातल्या गावांतही याच दिवसांत लोक धास्तावून आभाळाकडे बघत होते.

रात्री झोपायचं अंगणातच. पिशव्यांची रांग, डास, कुजबुज, कुणीतरी रडतंय, कुणीतरी हसतंय. पण तुम्हाला फार झोप नाही. आजोबा पहाटे दोनच्या आधी येऊन पायाला हात लावतील.

"चल. पाण्याची पाळी आहे."

रबरी बूट मोठे आहेत, दोन मोजे घाला. फावडं तुमच्याहून जड. मर्डॉक कालव्याचं पाणी चाऱ्यांतून वाड्यावाड्याला पोहोचतं आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढा त्याचा वेळ. ऊस भिजवायला रात्री दारं धरलेला कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला हे सगळं सांगावं लागणार नाही: घड्याळावरची नजर, शेजाऱ्याचं दार बंद करून आपलं उघडणं, आणि कुणी दहा मिनिटं आधीच पाणी वळवलं तर वर्षभर टिकणारा राग. आजोबा लाकडी फळी उपसतात. पाणी क्षणभर विचारात पडतं, मग गवताची पाती, सुकी पानं, एक बेडूक असं सगळं पुढे ढकलत बागेच्या सऱ्यांत शिरतं. हात घाला. डोंगरातल्या बर्फाचं पाणी आहे, मनगट दुखायला लागतं. ओल्या मातीचा वास उठतो. पश्चिमेला कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबूस आहे.

आजोबा देवाविषयी काही बोलत नाहीत. ते चारीतल्या तणाविषयी बोलतात. तिसऱ्या सरीला उंदराचं बीळ आहे, तिथे पाणी फुटतं, ढेकूळ घालून पायानं दाबायचं. शेवटच्या चेरीला उशीर करायचा नाही. सांगता सांगता ते तुमच्या हातात फावडं देतात आणि स्वतः मागे उभे राहतात. तुम्ही दाबता, पाणी फुटतं, पुन्हा दाबता, थांबतं.

मग एकदाच, फळीवर टेकून, ते सांगतात. एकोणीस वर्षांचे होते तेव्हा साल होतं १९३२. मंदी होती. मिशनला पैसे घरून लागत, आणि घरी गहाण शेत होतं. बरोबरीचे थोडेच गेले. ते राहिले, नांगर धरला, लग्न केलं, आठ पोरं वाढवली, त्यातल्या पाचांना मिशनला पाठवलं आणि प्रत्येक वेळी स्टेशनवरून एकटेच गाडी चालवत परत आले. "आता माझी पाळी," ते म्हणतात आणि लगेच घड्याळ बघतात, कारण पाळी संपायला आठ मिनिटं उरली आहेत आणि शेजारीण वेळेची पक्की आहे.

रविवारी संध्याकाळी प्रार्थनागृह एवढं भरतं की मागची घडीची भिंत सरकवून बास्केटबॉलच्या मैदानावर लोखंडी खुर्च्या मांडाव्या लागतात. तुमच्या गळ्यात चिमटा लावायचा टाय किंवा अंगात मावसबहिणीचा टोचणारा झगा. काय मिळालं त्यावर आहे. इथे क्रूस नाही, मेणबत्त्या नाहीत, धूप नाही. ऑर्गन आहे, गालिच्याचा आणि इस्त्रीचा वास आहे, आणि तान्ह्यांचं राज्य आहे: बाकाखाली प्लास्टिकच्या पिशवीतल्या चीरिओजची खुळखुळ, कुणाचं तरी भोकाड, बाहेर धावणारी आई. प्रभुभोजनाचं तबक तुमच्याच वयाची मुलं फिरवतात, भाकरीचे कुस्करलेले तुकडे आणि इवल्या पेल्यांतून पाणी. मग कुटुंबातलेच लोक एकेक करून बोलायला उठतात. व्यासपीठावर कागदी रुमालांचा डबा आहे, आणि तो शोभेला नाही. मोठे मामा, पोलाद वितळवणारे, तीन वाक्यांवर थांबतात, डबा जवळ ओढतात. कुणी अवघडत नाही. इथे पुरुषाचं रडणं हे बोलण्यातलंच धरतात.

आजी बोलायला उठते तेव्हा माइक तिच्या कपाळापर्यंत येतो. कुणीतरी धावत जाऊन तो वाकवतं. ती म्हणते की तिला भाषा येत नाही, तिला विमानाची भीती वाटते, आणि नोव्हेंबरात होणारं नातवंड ते चालायला लागल्यावरच ती बघेल, याचं तिला वाईट वाटतं. हे सगळं खरं आहे असं ती म्हणते, आणि तरीही जायचंय, हेही. मग सगळ्या पोरांकडे बघून टोंगन नमस्कार घालते: "मालो ए लेलेइ!" आणि चाळीस पोरं, ज्यांना आठवडाभर हे पढवलंय, भर सभेत तेच एका सुरात ओरडतात. ऑर्गनवाली दचकते.

त्या होऊ घातलेल्या बाळासाठी सोमवारी गोधडी. दिवाणखान्यात चार फळ्यांची चौकट, कोपरे खुर्च्यांच्या पाठींना शिकंज्यांनी आवळलेले, मध्ये ताणलेलं कापड. भोवती बायकांचा वेढा, लोकरीचे टाके, प्रत्येक टाक्याला गाठ. तुमची जागा खाली. गोधडीखाली सरपटा. वरून उजेड गाळून पिवळा येतोय, सुया कापडातून अचानक बाहेर डोकावतात, परत जातात. सुई खाली आली की ती वर ढकलायचं काम पोरांचं. चारी बाजूंनी मावश्यांच्या पोटऱ्या, सँडल, काढून ठेवलेल्या चपला. आणि वर गप्पा, ज्या खाली ऐकू जाताहेत हे त्या विसरल्या आहेत. कुणाचं पटत नाही, कुणाचं कर्ज आहे, आजोबांचं ब्लडप्रेशर डॉक्टरांनी काय म्हणून पास केलं, पणजीचं काही झालं तर तार पोहोचायला किती वेळ लागेल. एकदम शांतता. मग आजीचा आवाज: "ही गाठ सैल आहे. परत घाला."

रात्री कॅसेट भरतात. टेपरेकॉर्डर मध्ये, लाल बटण दाबलेलं, एकेक जण येऊन काहीतरी बोलून जातो, म्हणजे टोंगात बसून आजी-आजोबांना सगळ्यांचे आवाज ऐकता येतील. परदेशी फोन महाग, पत्राला आठवडे. तुमचा नंबर आला की काही सुचणार नाही. कुणालाच सुचत नाही. पाच वर्षांची मामेबहीण माइकला तोंड लावून नुसती श्वास घेत बसली, आणि आजोबांनी तो भाग पुसू दिला नाही.

मंगळवारी चोवीस जुलै. १८४७ मध्ये याच दिवशी मॉर्मनांचे नेते ब्रिगम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले, म्हणून सगळ्या युटात सुट्टी, मिरवणुका, घोडे, फटाके. पहाटे उठून तुम्ही ते पाहून याल, उन्हानं नाक सोलून घ्याल. पण खरी गोष्ट संध्याकाळी घरात. स्वयंपाकघरातली एक साधी खुर्ची दिवाणखान्याच्या मधोमध आणली जाते. आसपासच्या मंडळ्यांचे प्रमुख सुटाबुटात आलेत. आजोबा खुर्चीत बसतात, प्रमुख आणि मामा भोवती उभे राहतात, सगळ्यांचे हात त्यांच्या डोक्यावर. मिशनच्या कामासाठी प्रार्थना. मग आजी. बाहेर फटाके फुटताहेत, कुत्रा पलंगाखाली.

ती मंडळी गेल्यावर आजोबा ती खुर्ची आत नेऊ देत नाहीत. एकेका नातवंडाला बोलावतात. थोरल्यापासून. तुमची वेळ येते. बसा. गुडघे जुळवा, ती खपली अजून आहे. डोक्यावर दोन हात येतात आणि तुम्हाला वाटलं होतं त्याहून ते फार जड आहेत. भेगाळलेले, साबणाचा वास, त्याखाली मातीचा. ते तुमचं पूर्ण नाव घेतात. काय म्हणतात ते मी इथे लिहिणार नाही, ते तुमचं आहे. मान अवघडते, पण हलवावीशी वाटत नाही. उठता तेव्हा डोकं विलक्षण हलकं लागतं आणि तुम्ही भिंतीला धरता. पुढचं पोर आधीच खुर्चीत चढलेलं असतं. आजोबा रात्री बरेच उशिरापर्यंत उभे होते. पाठ दुखते म्हणून मध्ये बसा असं कुणी सुचवलं, ते बसले नाहीत.

सकाळी निघणं, आणि त्यातली गंमत अशी की टोंगाला जायचा पहिला टप्पा जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा आहे. शेजारच्या प्रोव्हो गावात मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. काही दिवस तिथे, मग विमानं बदलत समुद्रापार. म्हणजे आज रात्री ते तुमच्यापासून एका बस-फेरीवर असतील आणि तरी गेलेले असतील. घरच्यांनी तिथे येरझाऱ्या घालायच्या नसतात.

ड्राइव्हवेत गोंधळ आहे. पीनट बटर सापडलंय, मावशी ओरडतेय, मामानं ते आपल्या छातीशी लपवून गाडीत टाकलंय. कोटाच्या खिशावर काळी पाटी, पांढरी अक्षरं. आजोबा तिला सारखा हात लावून बघतात. पणजीची खुर्ची पायरीपर्यंत आणलीय. आजी वाकते. त्या दोघी एकमेकींच्या कानाशी काही बोलतात, पणजी तिचा दुखरा दंड सांभाळून तिला मागे ढकलते, जा म्हणून. इंजिन सुरू. पोरं गाडीमागे धावतात, तुम्हीही धावता, कोपऱ्यापर्यंत, अनवाणी, डांबर तापायला लागलंय.

परत येता तेव्हा घर भांड्यांनी भरलेलं आहे. कुणाची ही थाळी, चिकटपट्टी निघालीय. खुर्च्या प्रार्थनागृहात पोहोचवायच्या. तंबू सोडायचे. घरात आता राहायला येणारं नवविवाहित जोडपं तळघरातल्या फळांच्या बरण्या मोजतंय, आणि थोरली मावशी त्यांना गव्हाचे डबे कुठल्या क्रमानं काढायचे ते सांगतेय. जर्दाळू पडतच आहेत, ते आज बाटल्यांत भरले नाहीत तर गेले. चला, बादली घ्या.

फ्रिजवर जिथे पत्र होतं तिथे आजोबांच्या अक्षरातला कागद आहे. पाण्याच्या पाळ्या, हंगाम संपेपर्यंतच्या, दिवस आणि वेळ, आणि प्रत्येकीसमोर एक नाव. गुरुवार, पहाटे ३:४० ते ५:२०. समोर तुमचं नाव. कंसात बारीक अक्षरांत: तिसऱ्या सरीत बीळ.

तेव्हा परतायची घाई करू नका. गुरुवारनंतर बघू.